मोर्तबाची मर्यादा

कोयना व केरा यांच्या संगमावरील पाटण हें गांव सातारच्या छत्रपतींच्या राज्यांतील. राजधानीहून अशा डोंगरी मुलुखांत जाणारा लेखी हुकूम अनेक हातांतून पोहोंचावयाचा. वाटेंत कोणीं त्यांत चार ओळी वाढविल्या तर? या भयावर मराठी दप्तरानें साधा उपाय योजिला होता. पत्राच्या माथ्यावर शिक्का, आणि मजकूर संपतांच मोर्तब. शिवछत्रपतींच्या मोर्तबावरील अक्षरेंच ‘मर्यादेयं विराजते’ अशीं आहेत. आज्ञा येथें संपली. याखालीं लिहिलेलें राजाचें नव्हे, हा त्याचा अर्थ.

लेखी आज्ञेंत परका हात शिरला म्हणजे कोणता अनर्थ ओढवतो, तें ‘ध’चा ‘मा’ या वाक्प्रचारानें मराठी घरांत सर्वश्रुत केलें आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा वध झाला. ‘धरावें’चें ‘मारावें’ झाल्याची आख्यायिका इतिहासाच्या कसोटीस उतरो वा न उतरो, तिच्यांतील भय खरें आहे.

तेंच भय संगणकाच्या दप्तरांत नव्या रूपानें अवतरलें. १९७० सालीं एडगर कॉड यांनीं माहिती परस्परसंबंधित कोष्टकांत ठेवण्याची कल्पना मांडली. १९७४ मध्यें डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं त्या कोष्टकांना प्रश्न विचारण्याची भाषा प्रसिद्ध केली. तीच पुढें एसक्यूएल या नांवानें रूढ झाली. आज दुकानांपासून बँकांपर्यंत ग्राहकांचीं नांवें, पत्ते व व्यवहार सांभाळणाऱ्या असंख्य प्रणाली याच भाषेवर चालतात.

पाटणच्या एखाद्या दुकानदाराची अशी प्रणाली असेल, तर ती आज्ञा रचते: ‘ज्याचें नांव अमुक, त्याची नोंद दाखव.’ ‘अमुक’ची जागा रिकामी असून ती ग्राहकानें भरावयाची असते. आज्ञा निष्काळजीपणें रचलेली असली, तर लबाड मनुष्य नांवापुढें अवतरणचिन्ह स्वतःच मिटवितो व जोडतो: ‘किंवा एक बरोबर एक’. एक आणि एक नेहमींच बरोबर. म्हणून यंत्र एकाची नोंद न दाखवितां साऱ्यांच्या नोंदी पुढें ठेवतें. नांव कोठें संपतें हें ठरविणारें मोर्तब येथें परक्यानेंच उमटविलें! या प्रकारास एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात.

१९९८ च्या डिसेंबरांत जेफ फॉरिस्टल यांनीं ‘फ्रॅक’ या नियतकालिकांत ही युक्ति उघड केली. तरीही २०१५ सालीं इंग्लंडांतील टॉकटॉक या दूरध्वनि कंपनीच्या जुन्या पानांतून, याच मार्गानें, सुमारें १,५७,००० ग्राहकांची माहिती चोरीस गेली. पंधरा हजारांहून अधिक ग्राहकांचे बँकेचे खातेक्रमांकही त्यांत होते. २०१६ मध्यें तेथील माहिती आयुक्तांनीं कंपनीस चार लक्ष पौंड दंड केला. पुढें २०२४ सालीं सुइटसीआरएम या ग्राहकसंबंधांच्या प्रणालींतही हाच दोष आढळला. तिच्या आवृत्त्यांत प्रवेशाचा परवाना नसलेल्यासही तो वापरतां येत असे. सुधारित आवृत्तीनें तो दूर केला.

उपाय मात्र अवघड नाहीं. आज्ञा आधीं पूर्ण बांधावी, रिकाम्या जागेस खूण ठेवावी व ग्राहकाचा शब्द मागाहून निराळा द्यावा. मग यंत्र त्यास केवळ नांव मानतें, हुकूम मानीत नाहीं. शिवाय दप्तर वाचणाऱ्या प्रणालीस गरजेपुरतीच सत्ता द्यावी. भारतांत २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानें, योग्य सुरक्षेची व्यवस्था न ठेवणाऱ्या संस्थेस २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे.

चोराची चतुराई येथें फारशी नाहीं. चोरी होते ती दप्तरदाराच्या आळसानें. ज्याचें नांव व पत्ता लुटला जातो त्या गृहस्थास मात्र आज्ञा कोणीं कशी रचली याची वार्ताही नसते. त्यानें विश्वासानें रकाना भरला. मर्यादा राखण्याचें काम दप्तरदाराचें होतें. जुन्या कारकुनांस तें ठाऊक होतें, म्हणूनच ते मजकूर संपतांच मोर्तब करीत.