डेल्सफर्डचे वतन

मराठी वाचकाला वॉरन हेस्टिंग्ज आठवतो तो मुख्यतः सालबाईच्या तहामुळे. महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने १७८२ साली झालेल्या या तहाने पहिले इंग्रज-मराठा युद्ध संपले. परंतु कलकत्त्यास बसून पुण्याशी, हैदरअलीशी आणि स्वतःच्याच कौन्सिलाशी झुंजणाऱ्या या पुरुषाचे मन इंग्लंडातील एका लहानशा खेड्यात गुंतले होते. त्या खेड्याचे नाव डेल्सफर्ड.

इंग्रजी ‘मॅनर’ला आपण वाडा म्हणतो, ते अपुरे आहे. घर, जमीन, कुळे आणि गावावरील हक्क मिळून मॅनर होई. आपला ‘वतन’ हा शब्दच त्याच्या अधिक जवळचा. कॉट्सवोल्डच्या टेकड्यांतील हे वतन हेस्टिंग्ज घराण्याकडे कित्येक शतके होते. सतराव्या शतकातील यादवीत घराण्याने पहिल्या चार्ल्स राजाचा पक्ष घेतला आणि ते खालावले. १७१५ साली वतन एका व्यापाऱ्याच्या हाती गेले. वॉरनचा आजोबा त्याच गावचा पाद्री होता. आई बाळंतपणानंतर लवकरच वारली, बाप परदेशी निघून गेला. सात वर्षांचा असताना ओढ्याकाठी पडून आपण वतन परत मिळविण्याचा निश्चय केला, असे हेस्टिंग्ज पुढे सांगे. उतारवयात सांगितलेल्या बालपणीच्या निश्चयांवर कितपत विसंबावे, हा प्रश्नच आहे. पण त्याचे पुढील वर्तन या कथेशी जुळते खरे.

१७५० साली तो कंपनीचा ‘रायटर’, म्हणजे कारकून, होऊन कलकत्त्यास आला. गव्हर्नर-जनरल म्हणून त्याला वर्षाला २५,००० पौंड वेतन होते, तरी १७८५ साली परतताना त्याच्यापाशी फार मोठी शिल्लक नव्हती. १७८८ साली त्याने डेल्सफर्ड विकत घेतले, आणि त्याच वर्षी पार्लमेंटापुढे त्याच्यावरील महाभियोग उभा राहिला. बनारसचा चेतसिंग आणि अयोध्येच्या बेगमा यांच्याकडून केलेली जबरदस्तीची वसुली हे त्यातील प्रमुख आरोप. ती वसुली झाली युद्धखर्चाच्या ओढाताणीत, आणि त्या खर्चात मराठ्यांशी चाललेल्या युद्धाचा वाटा मोठा होता. तो पैसा कंपनीच्या तिजोरीत गेला, डेल्सफर्डच्या पायात नव्हे, हे न्यायाने म्हटले पाहिजे. मात्र ज्या अधिकारावर त्याचे वेतन आणि पुढचे निवृत्तिवेतन उभे होते, तो अधिकार अशाच वसुलीवर टिकला होता, हेही विसरता येत नाही.

खटला चालू असतानाच सॅम्युएल पेपिस कॉकरेल या वास्तुशिल्पज्ञाने नवे घर बांधले. त्या प्रदेशातील मधासारख्या पिवळसर चुनखडीच्या घडीव दगडाचे, संयत अभिजात धाटणीचे हे घर दुरून पाहता अगदी इंग्रजी वाटते. पण बागेकडील दर्शनी बाजूचा मधला भाग अर्धवर्तुळाकार पुढे आला असून त्यावर एक घुमट आहे, आणि त्या घुमटाची ठेवण पूर्वेकडची आहे. दिवाणखान्यातील संगमरवरी शेकोटीला टॉमस बँक्स या शिल्पकाराने दोन्ही बाजूंस हिंदी स्त्रियांच्या मूर्ती कोरल्या. भिंतींवर हॉजेसने रंगविलेली हिंदुस्थानची दृश्ये, खोल्यांतून मुर्शिदाबादच्या मुन्नी बेगमेने दिलेले हस्तिदंती सामान, आणि कुरणात चक्क तिबेटी याक! जन्मभर ज्या घरासाठी झुरला त्या घरी पोहोचल्यावर त्याने तेथे बंगाल मांडला, असेच म्हणावे लागते. याच कॉकरेलने पुढे आपल्या भावासाठी जवळच सेझिनकोट हे संपूर्ण मोगली थाटाचे घर बांधले. डेल्सफर्डचा घुमट ही त्याची पहिली चाहूल.

१७९५ साली तो निर्दोष सुटला, पण खटल्याच्या खर्चाने नागवला गेला. कंपनीने वर्षाला ४,००० पौंड आणि ५०,००० पौंडांचे कर्ज दिले, म्हणून घर राहिले. २२ ऑगस्ट १८१८ रोजी तो तेथेच वारला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला होता. हेस्टिंग्जला मागे मूल उरले नव्हते. पत्नीच्या पहिल्या विवाहातील मुलाकडे वतन गेले, आणि त्याच्या मृत्यूनंतर, १८५३ साली, घर आणि आतील सामान पुन्हा विक्रीस निघाले.