मूनराइज किंगडम

अमेरिकन दिग्दर्शक वेस अँडरसन यांचा २०१२ चा चित्रपट. पटकथा अँडरसन आणि रोमन कोपोला यांची. त्या वर्षीच्या कान महोत्सवाचे उद्घाटन या चित्रपटाने झाले. पुढे मूळ पटकथेसाठी त्याला ऑस्कर नामांकन मिळाले.

कथा १९६५ च्या सप्टेंबरातली, न्यू इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या न्यू पेन्झान्स या कल्पित बेटावरची. बारा वर्षांचा अनाथ सॅम (जॅरेड गिलमन) स्काउटांच्या छावणीतून तंबूला भोक पाडून निसटतो. त्याच्याच वयाची सूझी (कारा हेवर्ड) घर सोडते. बेत पत्रांतून आधीच ठरलेला. सॅमजवळ रानात तग धरण्याचे सगळे साहित्य असते. सूझी आणते मांजराचे पिल्लू, भावाचा रेकॉर्ड प्लेयर, दुर्बीण आणि ग्रंथालयातून चोरलेली गोष्टींची पुस्तके. दोघांची ओळख करून द्यायला एवढे सामान पुरते.

सुरुवातीलाच कॅमेरा सूझीच्या घरातून सरळ रेषेत, खोलीमागून खोली ओलांडत सरकतो, जणू भिंत काढलेले बाहुलीघर. प्रत्येक जण आपापल्या चौकटीत. आई मुलांना जेवायला बोलावते तीही भोंग्यातून. सूझीचे भाऊ ऐकत असतात ती बेंजामिन ब्रिटन यांची, मुलांना वाद्यवृंद समजावून देणारी रचना (१९४५). तीत वाद्ये आधी सुटी होतात आणि शेवटी फ्यूगमध्ये एकत्र येतात. फ्यूग हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ पलायन. हे ठाऊक असलेल्याला पुढची सारी कथा त्या तबकडीतच ऐकू येते.

ब्रिटन यांचाच ‘नॉय्ज फ्लड’ (१९५८) हा नोहाच्या जलप्रलयावरचा ऑपेरा कथेच्या मुळाशी आहे. अँडरसन यांनी लहानपणी त्यात काम केले होते. चित्रपटात चर्चमधल्या त्याच्याच प्रयोगाच्या वेळी, डोमकावळ्याच्या वेषातली सूझी सॅमला प्रथम भेटते. आणि शेवटी खरे वादळ येते तेव्हा सारे बेट त्याच चर्चमध्ये आसऱ्याला येते.

चित्रण ऱ्होड आयलंडमध्ये, १६ मिमी फिल्मवर, रॉबर्ट योमन यांनी केले. फिल्मच्या रवाळपणामुळे पिवळसर रंगांना घरच्या जुन्या चित्रफितीची ऊब येते. अँडरसन यांच्या आखीव मांडणीत माणसे बाहुल्या होतात, हा आक्षेप या चित्रपटाला लागू पडत नाही. इथे आखीवपणा हे मोठ्यांच्या जगाचे लक्षण आहे आणि पळून जायचे ते त्यातूनच. मुलांच्या प्रेमाची तर कुठेही चेष्टा नाही. ती स्वतः जितक्या गंभीरपणे बोलतात, तितक्याच गंभीरपणे चित्रपट त्यांचे ऐकतो. सॅमला कोणी ठेवून घ्यायला तयार नसताना पुढे होणारा एकटा पोलीस अधिकारी ब्रूस विलिस यांनी फार हळुवारपणे उभा केला आहे.

दोघे मुक्काम करतात त्या खाडीला नकाशात नाव नसते, फक्त मैलाचा आकडा असतो. नाव मुले देतात. वादळ ती खाडी पुसून टाकते. शेवटच्या दृश्यात ती सॅमच्या चित्रात दिसते.