खिळा गेला, पॉइंट उरला

वर्डमध्ये अक्षरांचा आकार निवडायची यादी एकदा उघडून पाहा. ८, ९, १०, ११, १२ अशी चढत ती २८ पर्यंत येते, मग उड्या मारत ३६, ४८ आणि शेवटी ७२. पन्नासवर नाही, शंभरवर नाही, बरोबर बहात्तरवर थांबते. बहात्तर पॉइंट म्हणजे एक इंच. हा हिशेब कॉम्प्युटरवाल्यांनी घातलेला नाही. तो छपाईसाठी अक्षरांचे शिशाचे खिळे ओतणाऱ्यांचा आहे.

पॉइंट येण्याआधी खिळ्यांना मापं नव्हती, नावं होती. इंग्लंडात ब्रेव्हियर, लाँग प्रायमर, पायका. नाव एक असलं, तरी एका कारखान्याचा पायका दुसऱ्याच्या पायकाशी जुळेलच असं नाही, आणि केसाएवढा फरक पडला तरी जुळवलेली ओळ डगमगायची. पॅरिसच्या पिएर-सिमाँ फूर्निएनं १७३७ मध्ये या गोंधळावर पॉइंटांचं कोष्टक काढलं. सगळ्यांना ताडून पाहता यावं म्हणून त्यानं १४४ पॉइंटांची, म्हणजे दोन इंचांची मोजपट्टीही छापली. पण तेव्हा छपाई व्हायची ओलसर कागदावर. कागद वाळला, आकसला आणि मोजपट्टीच आखूड झाली! पुढच्या ग्रंथात बिचाऱ्यानं आकसण्याची भर आधीच धरून पट्टी पुन्हा छापली. मापांच्या इतिहासातली ही माझी सगळ्यात लाडकी चूक.

पुढे १७८० च्या दशकात फ्रांस्वा-आंब्र्वाझ दिदो यानं पॉइंट थेट फ्रान्सच्या राजाच्या फुटाला बांधून टाकला. त्या फुटाचे १२ इंच, इंचाच्या १२ रेषा, रेषेचे ६ पॉइंट. म्हणजे इंचाला ७२. फ्रेंच इंच इंग्रजी इंचापेक्षा मोठा, म्हणून दिदोचा पॉइंट ०.३७६ मिलिमीटरचा. काही वर्षांतच राजा गेला, त्याचा फूट गेला, मीटर आला. दिदोचा पॉइंट मात्र युरोपातल्या छापखान्यांत विसाव्या शतकापर्यंत नांदला. सुंभ जळलं तरी पीळ जात नाही, तो असा.

अमेरिकेनं वेगळीच वाट धरली. १८७१ मध्ये शिकागोत लागलेल्या मोठ्या आगीत तिथला मार्डर, ल्यूस अँड कंपनी हा खिळ्यांचा कारखाना खाक झाला. नाहीतरी सगळं नव्यानंच ओतायचं होतं, तर एकाच मापानं ओतू, असा विचार तिथं झाला. १८८६ मध्ये अमेरिकी कारखानदारांच्या संघटनेनं माप ठरवलं: ८३ पायका म्हणजे ३५ सेंटिमीटर, आणि एका पायकाचे १२ पॉइंट. गणित करून पाहिलं तर इंचात ७२ नव्हे, सुमारे ७२.२८ पॉइंट बसतात. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथच्या टेक् या अक्षरजुळणीच्या प्रणालीत हे शेपूट ७२.२७ म्हणून आजही जपलेलं आहे. बाकी जगासाठी ते १९८४ मध्ये अडोबीच्या पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या संगणकभाषेनं छाटलं आणि इंचाला नेमके ७२ केले. त्याच वर्षी आलेल्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर इंचाला ७२ च पिक्सेल होते, त्यामुळे पॉइंट आणि पिक्सेल काही काळ जुळ्या भावांसारखे राहिले. विंडोजनं इंचाला ९६ पिक्सेल धरले आणि जोडी फुटली. १२ पॉइंटाचे १६ पिक्सेल झाले.

  

पण पॉइंट नेमकं मोजतो काय? अक्षर नव्हे. तो मोजतो खिळ्याची बॉडी, म्हणजे ज्या धातूच्या तुकड्याच्या डोक्यावर अक्षर उठावात असतं त्याची वरून खालपर्यंतची जागा. इंग्रजीला त्या जागेत वरचा दांडा आणि खालचं शेपूट मावलं की झालं. देवनागरीचं तसं नाही. ‘मूर्ती’ हा एक शब्द घ्या: खाली ऊकार, वर रफार आणि वेलांटी, मध्ये शिरोरेषा. एवढा संसार त्याच बारा पॉइंटांत मांडायचा, तर मूळ अक्षर अंग चोरूनच बसणार. मुंबईत १८६४ साली स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढणारे जावजी दादाजी आणि त्यांच्यासाठी अक्षरं कोरणारे राणोजी रावजी आरू यांनाही याच जागेशी झगडावं लागलं असणार. जावजींच्या निर्णयसागर छापखान्याची जुनी पोथी हातात धरली की ते अक्षर किती रेखीव आहे ते दिसतंच.

आता धातू राहिला नाही, पण मोजणी त्याच्याच रिकाम्या चौकटीची चालू आहे. त्या चौकटीत अक्षर केवढं काढायचं, हे फाँट करणारा ठरवतो. एका निबंधस्पर्धेचं परीक्षण करताना माझ्यासमोर दोन निबंध शेजारी आले. दोन्ही नियमाप्रमाणे १४ पॉइंटातले. एक मी आरामात वाचला, दुसऱ्यासाठी भिंग काढावं लागलं. खोटं कुणीच केलं नव्हतं.

तेव्हा स्पर्धांचे आणि अर्जांचे नियम लिहिणाऱ्यांना एकच विनंती: पॉइंटाच्या आकड्याशेजारी फाँटचं नावही लिहीत चला.