एका चित्रफितीवरील आक्षेप

पडद्यावरील द्वंद्वखेळांचा इतिहास सांगूं जातां एका लहानशा चित्रफितीपाशीं थांबावेंच लागतें. इ. स. २००४ च्या ऑगस्टांत कॅलिफोर्नियांतील पोमोना येथें 'इव्हो' नांवाची स्पर्धा भरली होती. तींत 'स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक' या खेळांत जपानचा दाइगो उमेहारा व अमेरिकेचा जस्टिन वाँग समोरासमोर आले. त्या झुंजीचे अखेरचे कांहीं क्षण या चित्रफितींत आहेत. तिची वाहवा पुष्कळ झाली, आणि तिच्यावर आक्षेपही आले. त्या आक्षेपांविषयीं आम्हांस दोन शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम प्रसंग. दाइगोचा योद्धा केन याची जीवनरेषा केसाएवढी उरली होती. या खेळांत विशेष प्रहार नुसता अडविला, तरी अडविणाऱ्याचा थोडा प्राण जातोच. तेवढ्यानेंच काम होणार, म्हणून वाँगनें आपल्या चुन-लीकडून पंधरा घावांचा महाप्रहार सोडला. घाव लागण्याच्या नेमक्या क्षणीं दांडी प्रतिस्पर्ध्याच्या दिशेनें ढकलल्यास तो निष्फळ होतो. यास खेळाडू 'पॅरी' म्हणतात. क्षण चुकला कीं मरण. दाइगोनें पंधराही घाव असे झेलले, शेवटचा तर उडी मारून हवेंतच, आणि लगेच उलट मारा करून चुन-लीला लोळविलें. प्रेक्षकांचा जो कल्लोळ ऐकूं येतो, त्यानेंच फितीची अर्धी कीर्ति झाली असावी.

आक्षेपकांचें मुख्य म्हणणें असें कीं, घावांचा ताल ठरलेला आहे. तो घोकला कीं हें कोणासही साधेल. हें अगदींच निराधार नाहीं. २०११ सालीं निघालेल्या या खेळाच्या नव्या आवृत्तींत हाच प्रसंग सरावाचा धडा म्हणून घातला होता. पण सरावांत प्रहार येणार हें आधींच ठाऊक असतें. प्रत्यक्षांत पहिला घाव इतका तत्काळ येतो कीं, तो पाहून हात हलवूं म्हटल्यास उशीर झालेला असतो. वाँग केव्हां काय करील हें दाइगोनें त्याच्या मनांत शिरून ओळखलें होतें. आखाड्यांतील जाणता मनुष्य सांगेल कीं, डाव येणें निराळें आणि समोरच्याचा डाव कळणें निराळें. चौदा घाव तालाचे असतील. पहिला तालाचा नव्हता.

फीत अर्धेंच सत्य सांगते, हा दुसरा आक्षेप मात्र आम्ही मान्य करतों. तो स्पर्धेचा निर्णायक सामना नव्हता. एकदां हरलेल्यांच्या गटांतील तो शेवटचा सामना होता. पुढें अंतिम सामन्यांत दाइगो आपलाच देशबंधु केंजी ओबाता याच्याकडून हरला. फीत पाहून दाइगोच अजिंक्य ठरला असें मानणारे आम्हांस अनेक भेटले आहेत! तिच्या 'क्षण ३७' या नांवांतील आंकडाही सहज घातलेला. असे आणखी छत्तीस क्षण कोठें मोजून ठेवलेले नाहींत.

वाँग मूर्ख होता, हें तिसरें म्हणणें आम्हांस सर्वांत अन्यायाचें वाटतें. शत्रूचा केसभर प्राण उरला असतां, अडविला तरी मारणारा प्रहार सोडणें हा सरळ हिशेब होता. शंभरांतले नव्याण्णव तेंच करतील. त्याच वर्षीं त्याच स्पर्धेंत 'मार्व्हल विरुद्ध कॅपकॉम २' या दुसऱ्या खेळाचें विजेतेपद याच वाँगनें मिळविलें होतें. त्या विजयाची चित्रफीत पाहिलेला मनुष्य मात्र आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे.