व्हॅनिश आणि कात्रजचा घाट

मागचे दोन शनिवार दांडी झाली. ऑफिसात रिलीज होतं, त्यामुळे लिखाण वगैरे सगळं गुंडाळून ठेवलेलं. आजचा विषय जरा विचित्र आहे, अर्धा गेमिंगचा आणि अर्धा इतिहासाचा. गेमिंगचा कंटाळा असेल त्यांनी सुरुवातीचे काही परिच्छेद सहन करावेत, पुढे लाल महाल आहे :)

गोष्ट २०२० च्या लॉकडाउनमधली. मार्चमध्ये लॅपटॉप पाठीला लावून पुण्याहून गावी, गोंदिया जिल्ह्यात, आलो तो महिनोन्‌महिने तिथेच अडकलो. दिवसा ऑफिसचं काम, रात्री वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. ह्या गेमची जुनी आवृत्ती 'क्लासिक' ह्या नावानं २७ ऑगस्ट २०१९ ला पुन्हा सुरू झाली होती आणि आमच्या हॉस्टेलच्या टोळक्यातले दोघं जण त्यात परत सापडलो होतो. एक मी, दुसरा सालेकशाचा माझा मित्र. तो प्रीस्ट, म्हणजे दुसऱ्यांच्या जखमा भरणारा. मी रोग.

('रोग' हा शब्द आईनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा दचकून विचारलं होतं, कोणता रोग? लॉकडाउनच्या दिवसांत तर हा विनोद अजिबात चालला नाही.)

तर रोग म्हणजे लपून वार करणारा गडी. ह्या पात्राचं मूळ जुनं आहे. १९७५ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' ह्या टेबलावर खेळायच्या खेळाच्या 'ग्रेहॉक' पुरवणीत 'थीफ', म्हणजे चोर आला. मागून वार केला तर दुप्पट इजा, हा त्याचा खाक्या. पुढे कॉम्प्युटर गेम आले आणि चोराचं बारसं होऊन तो रोग झाला, पण खाक्या तोच. अंगावर चामड्याचं चिलखत, लोखंडाचं नाही. समोरासमोर उभा राहिला तर लोखंडी चिलखतवाला वॉरियर त्याची चटणी करतो.

म्हणून त्याचं सगळं गणित घड्याळाचं. त्याच्याकडे १०० एनर्जी असते आणि दर दोन सेकंदांना २० भरून येते. लपलेल्या अवस्थेतून 'चीप शॉट' मारला की ६० एनर्जी जाते आणि समोरचा चार सेकंद सुन्न होतो. त्या चार सेकंदांत आणखी वार करून पॉइंट जमवायचे. पाच जमले की 'किडनी शॉट', अजून सहा सेकंद सुन्न. म्हणजे दहा-बारा सेकंद तुमचे. त्यात काम झालं तर झालं, नाही झालं तर शेवटचा हुकमी पत्ता, 'व्हॅनिश'. भर लढाईत एक पूड फेकायची आणि अदृश्य व्हायचं. पण ही चाल एकदा वापरली की पाच मिनिटं पुन्हा मिळत नाही.

मी वर्षभर पहिल्या वाराचीच प्रॅक्टिस केली. कुठून यायचं, कुणाला आधी गाठायचं, कुणाच्या पाठीमागून जायचं. गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पिंग इतकं वर-खाली व्हायचं की चार सेकंदांतला अर्धा सेकंद हवेतच जायचा, त्यामुळे तर ह्या तयारीचं जास्तच वेड.

एका रात्री आजोबा बाजेवर पडून स्क्रीनकडे बघत होते. मी एका गाफील मेजला मागून गाठलं, बारा सेकंदांत आडवा केला आणि आनंदानं त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "का गा बाबू, चोरावानी मारतेस?"

मला लागलं ते. मी म्हटलं, "आजोबा, मग लाल महालात काय झालं होतं?"

ते गप्प बसले. कारण मला माहीत होतं, दिवाळीनंतरच्या मंडईत रात्रभर झाडीपट्टीचं नाटक चालतं तेव्हा शाहिस्तेखानाच्या बोटांचा प्रवेश आला की सगळ्यात आधी टाळी आजोबांची पडते. मी वाद जिंकलो. आणि जिंकल्यावर वाटलं, आपण बोललो खरं, पण आपल्याला नक्की काय माहीत आहे? चौथीच्या पुस्तकातलं चित्र आणि बोटं. मग वाचायला घेतलं. मुख्य आधार जदुनाथ सरकारांच्या १९१९ सालच्या शिवचरित्राचा.

शाहिस्तेखान हा औरंगजेबाचा मामा. मे १६६० मध्ये तो पुण्यात आला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिरंगोजी नरसाळ्यानं जवळजवळ दोन महिने झुंजवलेलं चाकण त्यानं घेतलं, आणि मुक्काम ठोकला तो थेट शिवाजीमहाराजांच्या लहानपणच्या घरात. आता कुठल्याही रोग खेळणाऱ्याला विचारा. शत्रू तुमच्या स्वतःच्या घरात झोपतोय, म्हणजे त्या जागेचा सगळा नकाशा तुमच्या डोक्यात आहे. यापेक्षा चांगला मॅप मिळणार नाही.

तारीख ५ एप्रिल १६६३, रविवारची रात्र. रमजानचा सहावा दिवस. दिवसभराच्या उपासानंतर पोटभर जेवून पहारेकरी सुस्तावलेले. जागे कोण? तर पहाटेच्या जेवणाची तयारी करायला उठलेले आचारी. महाराजांबरोबर निवडक चारशे माणसं होती. छावणीत कुणी हटकलं तेव्हा सांगितलं, आम्ही बादशाही फौजेतलेच दक्षिणी शिपाई, नेमून दिलेल्या जागी चाललोय. (खाफी खान हा मोगल इतिहासकार लग्नाच्या वरातीसाठी परवानगी काढल्याची गोष्ट सांगतो. पुण्यात वरात म्हटली की आजही कुणी काही विचारत नाही.)

मध्यरात्री ते स्वयंपाकघराच्या बाजूनं आत शिरले. जागे असलेले आचारी आवाज न होऊ देता मारले गेले. स्वयंपाकघर आणि जनानखान्याच्या नोकरांची जागा ह्यांच्यामधलं दार विटांनी बुजवलेलं होतं. त्या विटा काढायला सुरुवात झाली. कुदळीच्या आवाजानं काही नोकर जागे झाले आणि खानाला सांगायला गेले, तर खानानं झोपमोड केली म्हणून त्यांनाच झापलं! प्रॉडक्शनला रात्री अलर्ट येतो आणि सीनियर म्हणतो 'फॉल्स अलार्म असेल, झोप', तसं.

भिंतीला भोक पडलं. महाराज आणि चिमणाजी बापूजी आधी आत गेले, मागोमाग दोनशे माणसं. आत कनातींचा चक्रव्यूह. त्या तलवारीनं फाडत ते खानाच्या शयनगृहापर्यंत गेले. घाबरलेल्या बायकांनी खानाला उठवलं, तो शस्त्र उचलणार तेवढ्यात वार बसला. कुणी तीन बोटं म्हणतं, कुणी अंगठा. आणि इथेच घोळ झाला. कुणीतरी शहाण्या बाईनं दिवे मालवले. अंधारात दोन मराठे पाण्याच्या हौदात पडले आणि त्या गडबडीत दासींनी खानाला ओढून सुरक्षित जागी नेलं.

म्हणजे रोगच्या भाषेत बोलायचं तर ओपनर सुंदर, किल मिस. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा इथेच थांबलो होतो आणि मला थोडं वाईटही वाटलं होतं. हिशोब नंतर सुचला.

आत दोनशे माणसं गेली. उरलेली दोनशे बाबाजी बापूजीबरोबर बाहेर होती. त्यांनी देवडीवरचे पहारेकरी कापले, आणि त्यातले काही नगारखान्यात गेले आणि खानाच्या नावानं हुकूम दिला, नौबत वाजवा. झालं, नगाऱ्यांच्या दणदणाटात आतल्या किंकाळ्या कुणाला ऐकू येईनात आणि कुणाचा हुकूम कुणाला कळेना. शिवाय मोगली छावणीच्या कडेला, मैलभर अंतरावर, दोन बाजूंना हजार-हजार माणसं उभी होती, एकीकडे नेताजी पालकर, दुसरीकडे मोरोपंत. बेरीज करा. एकूण चोवीसशे माणसं, त्यांतली आत फक्त दोनशे. बारातला एक हिस्सा वार करायला आणि अकरा हिस्से बाहेर पडायची वाट उघडी ठेवायला!

आणि वाट सोपी नव्हती. दक्षिणेला सिंहगडाच्या रस्त्यावर जसवंतसिंह दहा हजार फौज घेऊन पडला होता. म्हणजे पुढे तो, मागे जागी झालेली अख्खी छावणी. शत्रू जागा होतोय हे दिसल्यावर महाराजांनी खानाला शोधत बसण्यात वेळ घालवला नाही. माणसं गोळा केली आणि सरळ जवळच्या वाटेनं निघाले. मोगल आपल्याच छावणीत चोर शोधत राहिले. मला विचाराल तर सगळ्या प्रसंगातला सर्वात अवघड क्षण हा. बोटं तुटलीत, खान पाच-पन्नास पावलांवर कुठेतरी आहे, अजून एक मिनिट थांबलो तर सापडेल असं प्रत्येकाला वाटत असणार. मी अशा 'अजून एक वार' च्या मोहात किती वेळा मेलोय ह्याची गणती नाही.

कात्रजची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहेच. बैलांच्या शिंगांना पलिते बांधून घाटात सोडले, मोगल तिकडे धावले आणि मराठे इकडून गेले. ही दंतकथा, पण 'कात्रजचा घाट दाखवला' हा वाक्प्रचार मात्र भाषेत कायमचा बसला. रोगकडे हुबेहूब अशी एक चाल असते, 'डिस्ट्रॅक्ट'. लांब कुठेतरी आवाज करायचा, समोरचा तिकडे तोंड फिरवतो. आणि गंमत बघा, मराठीनं लाल महालावरून वाक्प्रचार केला तो वाराचा नाही, निसटण्याचा केला.

सरकार मराठ्यांचे सहा मेले आणि चाळीस जखमी झाले असं देतात. दुसऱ्या बाजूला खानाचा मुलगा अबुल फत्ह मारला गेला. तो बापाच्या मदतीला कुणाची वाट न बघता एकटा धावला होता. त्याच्याबरोबर एक सरदार, चाळीस नोकर, आणि खानाच्या बायका-दासींपैकी सहा जणी. ह्या शेवटच्या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबलो. नाटकातल्या प्रवेशात ह्या सहा जणी नसतात. अंधारात, कनाती फाडताना, कोण समोर आहे ते दिसत नसणार हे समजतं. पण त्या होत्या.

आमच्या भागात हे शब्द तसेही खेळातले नाहीत. रोगच्या एका चालीचं नाव 'अँबुश' आहे. १ मे २०१९ ला, म्हणजे क्लासिक सुरू व्हायच्या चार महिने आधी, शेजारच्या गडचिरोलीत कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी सुरुंग लावून गाडी उडवली. पंधरा पोलीस आणि गाडीचा ड्रायव्हर गेले. सालेकशाचा माझा मित्र ती चाल कधी नावानं म्हणायचा नाही. 'ते तुझं मागून मारायचं' म्हणायचा. मी वर्षभर हसायचो त्याला.

असो. पुढचं थोडक्यात. खान जिवंत राहिला तरी पुण्यात राहिला नाही. औरंगजेबानं त्याची बदली बंगालला केली, जानेवारी १६६४ मध्ये तो निघाला आणि त्याच जानेवारीत महाराजांनी सुरत लुटली. (मामा अगदीच बावळट नव्हता हं. १६६६ मध्ये त्याच्याच फौजेनं चितगाव घेतलं.) किल मिस झाली, पण मैदान मिळालं.

हे सगळं वाचून झाल्यावर एका संध्याकाळी मी आजोबांना नीट सांगितलं. बारातल्या अकरा हिश्शांचा हिशोब वगैरे, अगदी रंगवून. लॅपटॉपवर गेम सुरूच होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली.

आता एक गोष्ट मी वर मुद्दाम सांगितली नाही. त्याच्या आदल्या आठवड्यात वॉरसाँगच्या मैदानात मी आणि मित्र शत्रूच्या झेंड्याच्या खोलीत घुसलो होतो. मी वार करत होतो, तो मागे उभा राहून मला जगवत होता. त्यांचे तिघं आले. माझं बोट आपोआप व्हॅनिशवर गेलं. मी अदृश्य झालो, कोपऱ्यातून निसटलो, वाचलो. ते तिघं त्याच्यावर पडले. हेडफोनमधून त्याचा आवाज आला, "अबे, सांगून तरी जायचं." बस, एवढंच. खेळात मेलेला अर्ध्या मिनिटात परत उठतो, त्यात काय एवढं, असं मी स्वतःला सांगितलं. पण त्यानंतर तो लॉगिन झाला नव्हता. आजोबा त्या रात्रीही बाजेवरच होते.

"म्हणजे लय लोकं बाहेर उभी ठेवली होती म्हण," आजोबा म्हणाले.

"हो. दोन हजार दोनशे."

"आतल्याइले आणासाठी."

"हो."

त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं. माझा रोग एकटाच उभा होता. "मंग तो पांढऱ्या कपड्यावाला दोस्त तुया, त्याले काहून सोडून आलास गा?"

मी लॅपटॉप मिटला आणि फोन लावला. रेंज नव्हती. गच्चीवर गेलो, तिथून लागला. त्यानं उचलला तेव्हा मागे धानाच्या गिरणीचा आवाज येत होता.

चला, रविवार संपला. उद्या साडेनऊला स्टँडअप आहे.