माळ्यावरची पेटी

बीडच्या आमच्या घरात माळ्यावर एक लोखंडी पेटी आहे. इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनच्या वेळी वडिलांचा दाखला लागला, तेव्हा ती खाली उतरलेली मी पहिल्यांदा पाहिली. आत जुना सातबारा, रेशन कार्ड, पासबुकं, सगळं मेणकापडात गुंडाळलेलं. काम झाल्यावर मी पेटी कॉटखाली सरकवली, तर आजी जेवायलाच बसेना. "आधी पेटी वर ठेव. मग ताट वाढा."

ही भीती २३ जुलै १९८९ ची. त्या दिवशी बिंदुसरेचा लोंढा बीड शहरात शिरला. माणसं गेली, घरं गेली. त्याच पावसाळी दिवसांत तिकडे रायगडात अंबा नदीनं जांभुळपाडा उद्ध्वस्त केला होता. जांभुळपाडा कोकणातला, पावसाची सवय असलेला. बीड पर्जन्यछायेतलं. आमच्याकडे पाऊस म्हणजे वाट पाहायची गोष्ट, पळून जायची नव्हे.

आमची माणसं शेजाऱ्यांच्या गच्चीवर चढली म्हणून वाचली. खाली उतरल्यावर सगळ्यात आधी लक्षात आलं ते ज्वारीचं. भिजलेल्या पोत्यांना दोन दिवसांत मोड आले, नंतर वास सुटला. मदत मिळवायला गेले तर कागद मागितले, आणि कागद तर पुरात गेलेले. आपण कोण आहोत हे सिद्ध करायला आजोबांचा जो वेळ गेला, त्याचा राग आजीनं पुरापेक्षा जास्त धरून ठेवलाय. पेटी त्या रागातून आली.

मी लहानपणी विचारायचो, नदीत तर पाणीच नसतं, मग एवढं काय? आजी म्हणायची, "पानी नसतं म्हणूनच तर मानूस खाली सरकतंय रं." यात सगळी अडचण आली. वर्षातले बहुतेक महिने कोरडं पडलेलं पात्र रिकाम्या जागेसारखं दिसतं. आधी तिथं जनावरं बांधतात, मग टपरी येते, मग भिंत. नदी मात्र आपला रस्ता विसरत नाही. बिंदुसरा बालाघाटाच्या डोंगरातून उतरते आणि शहर ओलांडून सिंदफणेला मिळते. डोंगरउतारावर जोराचा पाऊस पडला की पाणी काही तासांत खाली येतं. शहरात त्या वेळी कदाचित नुसतं ढगाळ असेल.

वरच्या अंगाला पालीजवळ धरण आहे. दुष्काळी जिल्ह्यात धरण भरणं म्हणजे सणच. सांडव्यावरून 'चादर' पडायला लागली की आम्ही डबे घेऊन बघायला जायचो, सेल्फी काढायचो. पण काठोकाठ भरलेल्या धरणात पुढच्या पावसाला फारशी जागा उरत नाही. हे मला कळलं ते हैदराबादला नोकरी करताना, मूसीचा इतिहास वाचून. २८ सप्टेंबर १९०८ ला मूसीच्या पुरात सुमारे पंधरा हजार माणसं गेली असं सांगतात. अफजलगंजच्या दवाखान्याच्या आवारातल्या एका चिंचेच्या झाडावर चढलेले दीडेकशे लोक वाचले. ते झाड अजून आहे. निजामानं विश्वेश्वरय्यांना बोलावलं. पुराचं पाणी शहराच्या वरच अडवायचं, ही त्यांची सूचना. त्यातून उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये झाले. बीड तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होतं. पण राजधानीला पुराची भीती होती, आम्हाला तहानेची. मागणी तशी धरणं.

पुरानंतरची शिकवण आजीकडे तोंडपाठ आहे, मी तिच्यात थोडी भर घातलीय. मेन स्विच बंद असल्याशिवाय घरात पाय टाकायचा नाही. काळ्या मातीचा गाळ वाळला की सिमेंट होतो, तो ओला असतानाच ओढून काढायचा. पण त्याच्या आधी फोटो: भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं धान्य, फ्रीज. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत बायांनी घर धुऊन काढलेलं असतं, मग नुकसान दाखवणार काय? विहिरीचं, बोअरचं पाणी औषध टाकून, उकळूनच. आणि पेटीतल्या सगळ्या कागदांचे स्कॅन मी डिजिलॉकरमध्ये आणि पुण्याच्या मावशीच्या मेलवर ठेवलेत. आमच्या धंद्यात बॅकअप त्याच इमारतीत ठेवला तर लोक हसतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. सिंदफणा-गोदावरीकाठची गावं पाण्यात होती. बिंदुसरेचं पाणी वाढतंय असं कळल्यावर मी रात्री घरी फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला, पेटी वर आहे ना?

"पेटी वर आहे," बाबा म्हणाले. "तुझी आजी खाली आहे."

आजी ऐंशीच्या पुढची. गुडघ्यांमुळे दोन पायऱ्या चढताना थांबते. छत्तीस वर्षं आम्ही कागद वर ठेवले आणि तिला कसं वर न्यायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. पाणी त्या रात्री आमच्या गल्लीत आलं नाही. दिवाळीत गेलो तेव्हा गच्चीचं घर असलेल्या शेजारच्या काकांशी बोललो, दोन पोरांचे नंबर भिंतीवर लिहिले, आणि हातांच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिला जिन्यानं वर नेऊन पाहिलं. सात मिनिटं लागली. आजी वरून खाली बघत म्हणाली, आता पेटी पण आणा.