‘मलिक’ शब्दाचें कूळ
१४९० मध्यें स्वतंत्र होऊन पुढें अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, वसविणारा मलिक अहमद आणि १६०० मध्यें तेथील किल्ला पडल्यावरहि निजामशाही सावरून धरणारा मलिक अंबर, या दोघांच्या नांवांमागें एकच बिरुद आहे. अरबींत ‘मलिक’ म्हणजे राजा. मराठी ‘मालक’ हा शब्दहि त्याच म-ल-क धातूचा.

या नामाचें आद्य रूप कोणतें? अरबी, हिब्रू, अरामी व प्राचीन बाबिलोनची अक्कडी या सेमिटिक भगिनीभाषा होत. त्यांच्या जननीचा एकहि लेख उपलब्ध नाहीं. तिचे शब्द तुलनेनेंच सिद्ध करावे लागतात. हिब्रूंत राजा म्हणजे ‘मेलेख’. परंतु ‘माझा राजा’ म्हणतांना ‘मल्की’ हें जुनें अंग प्रकट होतें. अरामींत ‘मल्का’, अक्कडींत ‘मल्कु’. यांवरून ‘मल्क्’ हें मूळ अंग मानतात. अरबींतील इकारामुळें ‘मलिक्’ हेंहि संभवनीय ठरतें.

अर्थाचा निर्णय अधिक कठीण. अक्कडींत याच धातूचा अर्थ सल्ला देणें, अरबींत स्वामित्व असणें. राजा हा मुळांत सल्लागार कीं धनी, हें ध्वनींच्या तुलनेनें ठरत नाहीं. दक्षिणेंत तर ‘मलिक’ ही सरदाराची पदवी झाली. हबसाणांत जन्मून गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या, ज्याला एके काळीं स्वतःलाच मालक होता अशा अंबरानें ती धारण केली. १६२६ पर्यंत राज्य चालविलें, पण गादीवर मात्र निजामशहासच बसविलें.